कुरुंदवाडच्या कॉलेजची पोरगी

आधीच सांगून टाकतो, खोटं मी लिवलं. पोरगीनं न्हाय, बायकोनं न्हाय, टायपिंगवाल्यानं बी न्हाय. मी, आप्पासो चौगुले. कुरुंदवाडात खत-बियाणाचं दुकान हाय माझं, बावीस वर्सं झाली. एवढ्या वर्सांत गिऱ्हाइकाला जुनं बियाणं नवं म्हणून दिलं न्हाय. कुणी तसं म्हणून दाखवावं, दुकानाला कुलूप घालतो. आणि असला मी, पोटच्या पोरगीच्या बायोडाट्यात एक ओळ खोटी घातली. ती बी कुठं? वर महावीराचं नाव छापून, त्याच्या बरोब्बर खाली. आता काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेतो.

पण सगळं ऐकून मग बोला. कारण गोष्ट माझी न्हायच, माझ्या आदितीची हाय. आणि ती सांगताना आवाज चढला तर चढू दे. आमच्याकडं सगळ्यांचाच चढतो.

आदितीला बारावी कॉमर्सला सत्त्याऐंशी टक्के पडले. कोल्हापुरातल्या मोठ्या कॉलेजच्या पहिल्या यादीत नाव लागलं तिचं. कॉलेजचं नाव सांगत न्हाय, ह्यात त्यांचा काय दोष न्हाय. यादीचा फोटो मोबाइलवर आला तवा पोरगी दुकानात युरियाच्या पोत्यांच्या मधी नाचली अक्षरशः. मी काय म्हणालो? "कोल्हापूर लांब हाय. जाण्या-येण्यात रोज चार तास मोडायचे. कॉलेज हितं बी हाय की, चालत दहा मिनिटं. पुस्तकं तीच, परीक्षा तीच, विद्यापीठ बी तेच."

ऐकायला बरोबर वाटतंय का न्हाय? मला बी वाटलं. पण खरं कारण येगळंच हुतं. दुकानात मला विश्वासाचं माणूस पायजे हुतं. सकाळी कॉलेज आणि दुपारनं गल्ल्यावर, बिलं बघायला, कंपन्यांचा हिशेब ठेवायला. पगारी माणूस ठेवला असता तर ठेवता आला असता. पण घरात एवढी हुशार पोरगी असताना बाहेरचा कशाला, असं आलं डोक्यात. हे मी कुणापाशी तोंडानं बोललो न्हाय. चंदनापाशी सुद्धा न्हाय, आणि ती माझी बायको हाय, माझ्या पोटातलं तिला माझ्या आधी कळतं.

आदिती दोन दिस नीट जेवली न्हाय. तिसऱ्या दिवशी जाऊन कुरुंदवाडच्या कॉलेजात फॉर्म भरून आली, पावती माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "झालं तुमच्या मनासारखं." एवढंच. पुन्हा तिनं विषय काढला न्हाय. तीन वर्सं सकाळी कॉलेज, दुपारी दुकान. बी.कॉम.ला फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन, अकाउंट्सला कॉलेजात पहिली. मी पेढं वाटले. छाती अशी फुगलीती की शर्टाचं बटण तुटायचं राहिलं.

मग सुरू झालं नोकरीचं. तिला अकाउंट्सातच काम करायचं हुतं, ते बी मोठ्या हापिसात, जिथं शंभर कंपन्यांचे कागद येतात. दुकानाचा हिशेब तिला आता डोळं झाकून जमत हुता. कोल्हापुरात तिनं नऊ जागी अर्ज टाकले. नऊच्या नऊ ठिकाणी "कळवतो" म्हणाले. कुणी कळवलं न्हाय. तिच्याच सालात बारावी झालेली उचगावची मोना, तिला सत्तर टक्के हुते, ती त्या मोठ्या कॉलेजात शिकली आणि कंपनीवाले कॉलेजात येऊन तिला घेऊन गेले. पोरगी हुशार असंल, न्हाय म्हणत न्हाय. पण माझ्या आदितीला कुणी समोर बसवून एक प्रश्न सुद्धा इचारला न्हाय.

एका जागेहून आली आणि दुकानात माझ्याजवळ बसली. म्हणाली, "आप्पा, तिथल्या बाईंच्या टेबलावर दोन गठ्ठे हुते. नाव बघत न्हाईत, मार्क बघत न्हाईत. पहिल्यांदा कॉलेज बघतात, आणि कागद ह्या गठ्ठ्यावर न्हायतर त्या गठ्ठ्यावर. माझा कुठं गेला ते मी उभ्या उभ्या बघिटलं."

"तुमच्यामुळं" असं ती म्हणाली न्हाय. म्हणाली असती तर बरं झालं असतं, मी बी चार शब्द ओरडलो असतो आणि मोकळा झालो असतो. ती उठली आणि एका गिऱ्हाइकाला सोयाबीनच्या बियाणाचा दर सांगायला लागली.

त्याच महिन्यात आमच्या जैन समाजाचा वधू-वर मेळावा हुता. चंदना म्हणाली, बायोडाटा करून ठेवू या, घाई न्हाय पण समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असू दे. मी टायपिंगच्या दुकानात जाऊन बसलो. उंची झाली, रंग झाला, मामाचं गाव झालं, शेती किती ते झालं. शिक्षणाच्या ओळीला टायपिंगवाला थांबला. "कॉलेज टाकायचं का, आप्पा? हल्ली पोराकडचे बघतात." आणि माझ्या डोळ्यांपुढं ते दोन गठ्ठे आले. उचलली जीभ लावली टाळ्याला. कोल्हापूरच्या मोठ्या कॉलेजचं नाव मी खाडकन सांगून मोकळा झालो. त्यानं टाइप केलं, छापलं, एक प्रत मी मेळाव्याच्या कमिटीला दिली, फोटो ग्रुपवर टाकला, एक खिशात घातली. मनात म्हटलं, पोरगीचा हक्कच हुता त्या नावावर, पहिल्या यादीत हुती ती.

आदितीनं तो कागद हातात सुद्धा घेतला न्हाय. "ज्या कागदात माझी उंची आधी आणि मार्क नंतर, तो मी वाचत न्हाय," म्हणाली. मला तेवढंच बरं.

आठ दिवसांनी फोन आला. "आप्पासो चौगुले का? मी कोल्हापुरातनं सीए मगदूम बोलतोय. मुलीचा बायोडाटा बघितला." बायोडाटा म्हटल्यावर मी काय समजणार? फोनवर हात ठेवून मी आत ओरडलो, "चंदनाऽ, स्थळ आलंय! सीए हाय!" ती बस्तीतनं, म्हंजी आमच्या देवळातनं, नुकतीच आलती, देवाला हात जोडलेले तसेच धरून बाहेर पळत आली. मी घसा साफ केला आणि इचारलं, "पोराचं वय काय वं, साहेब?"

"कुठल्या पोराचं?"

"तुमच्या की."

"माझा पोरगा सहावीत आहे," मगदूम साहेब म्हणाले आणि असे हसले की फोन कानापासनं लांब धरावा लागला. "अहो पावणं, मला सून नको, मला ऑफिसात अकाउंट्सला माणूस पाहिजे! माझी बायको मेळाव्याच्या कमिटीत आहे, तिनं तुमच्या मुलीचा कागद दाखवला. आमच्या कॉलेजची दिसते, मार्कही झक्क आहेत. मी पण त्याच कॉलेजचा. वीस वर्षं झाली, दुसऱ्या कॉलेजचं माणूस मी घेतच नाही. सोमवारी अकराला पाठवून द्या."

इथं मी सांगायला पायजे हुतं. एक वाक्य हुतं, "साहेब, जरा चूक झालीया." जिभेवर आलतं सुद्धा. पण नऊ दारं बंद झालेली, दहावं आपणहून उघडलेलं, ते मी कुठल्या हातानं लावू? मी म्हणालो, "व्हय साहेब, येतो की."

आदितीला सांगिटलं, समाजातनं ओळख निघाली. तिनं कपाटातला सुती ड्रेस काढून इस्त्री केला, प्रमाणपत्रांची फाइल तीनदा लावली. चंदनानं माझ्याकडं एकदा बघिटलं. मी पेपर वाचायचं नाटक केलं.

सोमवारी आम्ही दोघं एसटीनं निघालो. वाटेत मी तीनदा तोंड उघडलं. एकदा जयसिंगपूरला, एकदा हातकणंगल्याला, एकदा शिरोलीच्या फाट्यावर. तिन्ही वेळा मिटलं. पोरगी जीएसटीच्या नोट्स वाचत हुती, ओठ हालवत. शिरोली मागं पडल्यावर तिनंच वही मिटून इचारलं, "आप्पा, त्यास्नी माझं कॉलेज चालतंय न्हवं? सांगिटलंय न्हवं तुम्ही?"

"चालतंय की," मी म्हणालो. हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं, त्याचीच भीती वाटली.

मगदूम साहेबांचं हापिस शाहूपुरीत, दुसऱ्या मजल्यावर. आठ-दहा माणसं कॉम्प्युटरवर, भिंतीला छतापर्यंत फायली. तिथल्या जुन्या अकाउंटंट वर्षाराणी मॅडम, चष्मा डोक्यावर, आवाज माझ्याच तोडीचा. त्यांनी आदितीला एका टेबलावर बसवलं. एका कंपनीची बँकेची पानं दिली, वहीची पानं दिली, दोन्हींचा मेळ घालून दाखव म्हणाल्या, आणि वर जीएसटीचे प्रश्न. एक तास. मी बाहेर बाकड्यावर. माझी स्वतःची परीक्षा असती तरी एवढा घाम आला नसता.

तासानं मॅडम पेपर घेऊन केबिनकडं निघाल्या. माझ्यापाशी थांबल्या. "पावणं, पोरगी तुमची काय? हात लई साफ हाय तिचा." अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. त्या घडीला मला वाटलं, आता काय बिघडत न्हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग साहेबांनी आम्हा दोघांस्नी आत बोलावलं. टेबलावर तिचा पेपर आणि त्याच्या शेजारी तो बायोडाटा. साहेब खुशीत हुते. "चाळीसपैकी अडतीस! बँकेचा मेळ तर आमच्या जुन्या माणसांना तासात बसत नाही. अपेक्षाच होती म्हणा, शेवटी आपलं कॉलेज आहे. म्हणून तर मी दुसऱ्या कॉलेजचं माणूस घेत नाही. मला सांग, तिसऱ्या वर्षाला ऑडिट कोण शिकवतं आता? ते उंच सर अजून आहेत का निवृत्त झाले?"

आदिती गोंधळली. "सर, कुठल्या कॉलेजबद्दल विचारताय?"

साहेबांनी बायोडाटा फिरवून तिच्याकडं सरकवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

तिनं वाचलं. मग माझ्याकडं बघिटलं. आणि मी, सांगायला लाज वाटते, मी डोळ्यांनीच तिला खुणावलं की गप बस. अडतीस मार्क हातात, साहेब खुशीत, प्रमाणपत्रांची फाइल अजून कुणी उघडली न्हाय, कोण बघायला येतंय? एक "हो सर" म्हणायचं हुतं. नोकरी दोन शब्दांच्या अंतरावर हुती.

"सर, पेन मिळेल?" आदिती म्हणाली.

साहेबांनी खिशातलं पेन दिलं. तिनं कागद पुढ्यात घेतला. कॉलेजच्या नावावरनं एक सरळ रेघ मारली, एकच, खालचं नाव वाचता येईल अशी. वर बारीक अक्षरांत लिवलं, कुरुंदवाड. बाजूला लहान सही केली, खाली तारीख टाकली, आणि कागद फिरवून परत साहेबांपुढं ठेवला.

"सर, ही नोंद चुकीची होती. मी त्या कॉलेजात कधी गेलेली नाही. मी कुरुंदवाडला शिकले. तुमच्याकडं दुसऱ्या कॉलेजचं चालत नाही, हे मला माहीत नव्हतं. तुमचा वेळ गेला, माफ करा." आणि ती उठली.

माझा आवाज कुठनं आला देव जाणे. "साहेब!" मी असा ओरडलो की बाहेरची टकटक थांबली. "तो कागद मी केलाय. तिनं तो आज पहिल्यांदा बघिटला. काय बोलायचं ते मला बोला, पोरगीला एक शब्द बोलू नका! आणि कॉलेज बी मीच निवडलं. तुमच्या कॉलेजच्या पहिल्या यादीत नाव हुतं तिचं, पहिल्या! मी जाऊ दिलं न्हाय. लांब पडतंय म्हणून न्हाय. मला दुकानात माणूस पायजे हुतं म्हणून."

चार वर्सांत पहिल्यांदा ते माझ्या तोंडातनं बाहेर पडलं, आणि पडलं ते दहा परक्या माणसांच्या कानावर. आदिती उभी हुती ती खुर्चीच्या कडेला हळूच बसली. माझ्याकडं तिनं बघिटलं न्हाय.

मगदूम साहेबांचा चेहरा उतरला. "आप्पासो, हे बरं नाही केलंत. समाजाचा कागद म्हणून मी विश्वास ठेवला. इथं लोक आम्हाला त्यांच्या घरातलं सगळं उघडून दाखवतात, ते विश्वासावर. आणि माझा नियम म्हणजे काही हट्ट नाही. आमच्या कॉलेजचे सर ओळखीचे आहेत, एक फोन केला की पोरगं कसं आहे ते कळतं. कुरुंदवाडला मी कुणाला विचारू?"

संपलं, मी मनात म्हटलं. दहावं दार बी माझ्याच हातानं लागलं.

साहेबांनी कागद उचलला, बाजूला ठेवायला. ठेवता ठेवता थांबले. चष्मा वर करून त्या रेघेकडं बघत राहिले. "हे कुणी शिकवलं?"

"काय, सर?"

"ही रेघ. ही अशी सही."

"आमच्या पिराजी सरांनी," आदिती म्हणाली. "वहीत कुणी खाडाखोड केली की सर अख्खं पान परत लिहायला लावायचे. व्हाइटनर सापडला तर खिडकीतनं बाहेर. म्हणायचे, चूक झाकायची न्हाय. आधी काय होतं ते वाचता आलं पाहिजे, आणि कुणी बदललं ते कळलं पाहिजे." आणि मग जरा घुटमळून, "सवयच लागली, सर. बायोडाटा आहे हे लक्षातच आलं नाही."

दारात वर्षाराणी मॅडम येऊन उभ्या राहिल्यात्या. ओरडणं ऐकून आल्या असणार. त्यांनी साहेबांच्या हातातला कागद खांद्यावरनं बघिटला. "साहेब, मी बी तुमच्याच कॉलेजची. तरी सांगतो. गेल्या महिन्यात आपल्याच पोरानं त्या कारखान्याच्या फाइलमधला आकडा व्हाइटनरनं पुसला आणि आपण तिघं हात जोडून तिथं उभं हुतो. ध्यानात हाय न्हवं? ही पोरगी घेतली न्हाईसा तर माझ्या टेबलावरचं काम उद्यापासनं तुम्हीच करा."

"थांबा की वो जरा," साहेब म्हणाले. मग आदितीला म्हणाले, "तुमच्या ह्या पिराजी सरांचा नंबर आहे?"

तिनं सांगिटला. साहेबांनी स्पीकरवर लावला. तिकडं वर्ग चालू असावा, पोरांचा गलका ऐकू येत हुता. साहेबांनी आपली ओळख सांगिटली आणि इचारलं, आदिती चौगुले नावाची विद्यार्थिनी कशी हाय.

"आदिती? तिला घेताय व्हय?" पिराजी सरांचा आवाज केबिनभर घुमला. "घ्या की मग, इचारताय काय! तीन वर्सांत त्या पोरगीनं एक आकडा माझ्यापासनं लपवला न्हाय. चुकली तर आपणहून वही घेऊन यायची, सर हे माझं चुकलंय म्हणून. असली पोरं मला नोकरीत दोन मिळाली." मग सरांचा आवाज बारीक झाला. "साहेब, राग मानू नका. मी एकोणीस वर्सं हितं शिकवतोय. कोल्हापुरातनं आमच्या पोरांबद्दल इचारायला आजवर एक फोन आला न्हाय. तुमचा पहिला."

साहेबांनी फोन ठेवला. तिचा पेपर पुन्हा उघडला, पहिल्यापासनं शेवटपर्यंत वाचला, पाठीमागची बाजू बी बघिटली. मी माझ्याच बोटांकडं बघत बसलो. पेपर मिटून ते म्हणाले, "एक तारखेपासनं ये. आणि येताना या पिराजी सरांकडची आणखी कोण कोण पोरं घरात बसलीत, त्यांची नावं घेऊन ये. बोलावतो. बाकीचं त्यांच्या हातात."

"येते, सर," आदिती म्हणाली. तिची मान ताठ हुती. अशी ताठ की मला माझ्या आईची आठवण झाली.

मला मात्र साहेबांनी दारात धरलं. "आप्पासो, एवढी खरी पोरगी तुमच्या पोटी कशी आली वं?"

"आईवर गेलीया," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

जिना उतरून खाली आलो आणि तिथंच, झेरॉक्सच्या दुकानासमोर उभा राहून मी मोबाइल काढला. समाजाच्या ग्रुपवर आठशे माणसं. मला टायपिंग जमत न्हाय, एकेक अक्षर शोधून लिवलं. "माझी मुलगी आदिती हिच्या बायोडाट्यात कॉलेजचं नाव खोटं हुतं. ते मी घातलं, मुलीला म्हाईत नव्हतं. ती कुरुंदवाडच्या कॉलेजात शिकली आणि आज कोल्हापुरात सीएच्या हापिसात अकाउंटंट म्हणून लागली. चाळीसपैकी अडतीस. आप्पासो चौगुले."

दोन मिनिटांत चंदनाचा फोन. "अवो, हे काय टाकलंय ग्रुपवर? माझ्या माहेरचे सगळे हसायलेत!"

"हसू दे. पोरगी लागली, ते वाचलंस का न्हाय?"

मग हुंदका, मग हसू, मग पुन्हा मला शिव्या. बायको ती बायकोच.

परतीची एसटी मिळाली. खिडकीशी आदिती, शेजारी मी. गाडी सुटली, ती बाहेर बघत बसली. मला राहवेना. नोकरी लागली, सगळं झालं, पण आतलं एक राहिलंतं. शेवटी मीच म्हणालो, "आत ते दुकानाचं बोललो मी. कॉलेजचं. तुला आज कळलं, वाईट वाटलं असंल."

"आज कशाला कळतंय, आप्पा?" ती खिडकीतनं बाहेर बघतच म्हणाली. "फॉर्म भरला त्या दिवशीच म्हाईत हुतं मला."

"मग चार वर्सं बोलली का न्हाईस गं? भांडायचं की माझ्याबरोबर!"

"मी बोलून काय उपयोग? चूक तुमची हुती. तुम्ही सांगाल म्हणून मी वाट बघत हुतो."

मी रुमाल काढला आणि नाक पुसायचं निमित्त करून डोळं पुसलं. भर दुपारी, भरलेल्या एसटीत, पन्नाशी ओलांडलेला गडी. आदितीनं माझ्या हातातनं रुमाल घेतला, घडी केली आणि परत माझ्या खिशात घातला.

कंडक्टर येऊन उभा राहिला. "काय पावणं, तिकीट? का रडतच जाताय?"

"दोन कुरुंदवाड," मी म्हणालो. आणि राहवलंच न्हाय. "पोरगी माझी. सीएच्या हापिसात लागली आज. अकाउंटंट."

"भारी की वो!" कंडक्टर म्हणाला. तिकीट फाडता फाडता तिच्याकडं बघून त्यानं सहज इचारलं, "कुठल्या कॉलेजची?"

आदितीनं तोंड उघडलं, पण मी तिला बोलू दिलं न्हाय. मी उभा राहिलो, वरचा बार धरला आणि ड्रायव्हरला सुद्धा ऐकू जाईल असं सांगिटलं, "कुरुंदवाडच्या!"